श्वास सावरेपर्यंत बाळाने उपाशी राहायचे?

मुदतीपूर्वी जन्मलेले बाळ काचेच्या पेटीत ठेवले, की बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘श्वास नीट घेतोय ना?’ आणि दुसरा, ‘दूध कधी देणार?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर तपशीलवार देतात. प्राणवायूचे प्रमाण, यंत्राचा दाब, छातीचा एक्स-रे असे सारे समजावून सांगतात. दुसऱ्या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : ‘अजून काही द्यायचे नाही. आधी श्वास सावरू दे.’ ऐकणाऱ्यालाही ते पटते. जे बाळ श्वासासाठी झुंजते आहे, त्याच्या बाबतीत दुधाची घाई कशाला? या उत्तरात तर्क आहे आणि काळजीही आहे. संशोधन मात्र आता वेगळे सांगू लागले आहे. श्वास सावरण्याची वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक दिवस बाळाच्या शिदोरीतून वजा होत असतो आणि ही शिदोरी मुळातच जवळपास रिकामी असते.

प्रश्न थोड्याथोडक्या बाळांचा नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतातली होती. म्हणजे जगातल्या दर पाच अकाली जन्मांपैकी किमान एक आपल्याकडचा. यांतली बहुतेक बाळे काही आठवडेच आधी येतात आणि थोड्या काळजीने आईच्या कुशीत सुखरूप वाढतात. खरी कसोटी असते ती ३२ आठवड्यांच्याही आधी, एक-दीड किलो वजन घेऊन येणाऱ्यांची. श्वासाची तक्रार प्रामुख्याने त्यांच्यातच दिसते.

या तक्रारीचे मूळ फुप्फुसांच्या अपुऱ्या वाढीत आहे. फुप्फुसातील सूक्ष्म हवेच्या पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून जाऊ नयेत, यासाठी त्यांच्या आतल्या बाजूस ‘सरफॅक्टंट’ नावाच्या स्निग्ध द्रव्याचा थर असावा लागतो. ते पुरेशा प्रमाणात तयार होण्यास साधारण ३४-३५वा आठवडा उजाडतो. तत्पूर्वी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासागणिक मिटलेली पिशवी पुन्हा फुगवावी लागते. नवा कोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात. या बाळाला मिनिटाला साठ-सत्तर वेळा तेच करायचे असते. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून अधिक असूनही आणि देशातील सर्वोत्तम डॉक्टर हाताशी असूनही दोन दिवसांच्या आत तो याच विकाराने दगावला. सरफॅक्टंटचा अभाव हे त्याचे कारण मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवून दिले होते. उपाय मात्र हाती नव्हता. तो पुढे आला. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी श्वासमार्गात सतत सौम्य दाब ठेवणारी, आज ‘सीपॅप’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत रूढ केली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून मिळवलेले सरफॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून त्यांना वाचवले. पॅट्रिकएवढे बाळ आज चांगल्या नवजात कक्षात श्वसनविकाराने दगावले, तर ती दुर्मिळ घटना ठरते.

फुप्फुसांच्या प्रश्नावर जगातली इतकी बुद्धी आणि इतका पैसा खर्ची पडला. पोटाचा प्रश्न मात्र बराच काळ सवयीवर आणि धाकावर सोडून दिला गेला, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

गर्भाच्या शरीरात चरबी आणि यकृतातील साखरेचा साठा जमा होतो तो प्रामुख्याने शेवटच्या तीन महिन्यांत. ते तीन महिनेच ज्याला मिळाले नाहीत, त्याच्याकडे साठा कुठला? पूर्ण दिवसांचे, गुटगुटीत बाळ काहीही न मिळता तग धरू शकेल असा काळ शास्त्रज्ञांनी सैद्धांतिक हिशेबाने सुमारे महिनाभराचा काढला होता. एक किलोच्या बाळासाठी तोच हिशेब जेमतेम चार दिवसांवर येतो. गर्भात असताना वारेतून त्याला प्रथिनांचे घटक अखंड मिळत असतात, किलोमागे रोज तीन-चार ग्रॅम. नाळ कापली, की हा पुरवठा एका क्षणात तुटतो. मग ‘सलाईन चालू आहे ना’ म्हणून आपण निर्धास्त होतो. हे सलाईन म्हणजे बहुधा दहा टक्क्यांचे ग्लुकोज असते. पहिल्या दिवशी जेवढे पाणी देता येते, तेवढ्या ग्लुकोजमधून किलोमागे पंचवीस-तीस उष्मांक मिळतात. नुसते जिवंत राहायला त्याच्या दीडपट-दुप्पट लागतात. वाढायचे असेल तर एकशेदहाच्या वर. तूट भरून काढण्यासाठी शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. केवळ ग्लुकोजवर ठेवलेले अकाली बाळ रोज किलोमागे एक ग्रॅमहून अधिक प्रथिने गमावते.

आता हे श्वासाशी जोडून पाहावे. हे बाळ स्वस्थ झोपलेले नाही. त्याच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात आहेत. श्वास ओढणारा श्वासपटलही एक स्नायूच आहे. शरीर स्नायू जाळू लागले तर त्यात तोही आला. प्राणवायू आणि यंत्राचा दाब यांनी फुप्फुसांना ज्या इजा होतात, त्या बुजवायलाही प्रथिने लागतात, जीवनसत्त्वे लागतात. अमेरिकेत ८०७ अतिलघुवजनी बालकांवर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकाराचे प्रमाण थोडे का होईना, घटले होते. म्हणजे श्वास सावरला की अन्न द्यायचे, हा क्रमच मुळात सदोष आहे. श्वास सावरायलाही अन्न लागते. भरवणे आणि श्वास यांत स्पर्धा आहे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती स्पर्धा फक्त तोंडाशी आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. त्याआधी, किंवा धाप लागलेली असताना, बाळाला तोंडाने पाजणे धोक्याचेच. परंतु तोंडातून जठरात सोडलेल्या बारीक नळीला हा नियम लागू नाही. ‘पाजायचे नाही’ आणि ‘दूध द्यायचे नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ ठिकाणी पहिलीतून दुसरी आपोआप निघते.

उपाशी ठेवण्याच्या या पद्धतीला इतिहास आहे. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये टार्निए यांनी उबवणी पेटी वापरायला सुरुवात केली, तेव्हा सोबत नळीने दूध देणेही आलेच होते. पुढे १९४० नंतर मात्र अकाली बाळांना पहिले एक ते तीन दिवस काहीच द्यायचे नाही, असा शिरस्ता पाश्चात्त्य रुग्णालयांत पडला. दूध श्वासनलिकेत जाऊन बाळे दगावतात, ही भीती त्यामागे होती आणि ती निराधार नव्हती. पण परिणाम असा झाला, की बाळांची रक्तशर्करा घसरू लागली, कावीळ वाढू लागली, शरीरातले पाणी आटू लागले. १९६४ मध्ये ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस या दोन महिला डॉक्टरांनी बाळांना जन्मानंतर लगेच, पाणी न मिसळता, आईचे दूध देऊन पाहिले आणि या तक्रारी कमी झाल्याचे नोंदवले. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, फिलाडेल्फियाच्या विल्मोर आणि डड्रिक यांनी आतड्याचा फारच थोडा भाग उरलेल्या एका बालकाला केवळ शिरेतून संपूर्ण पोषण देऊन वाढवता येते, हे दाखवले. पोट आणि शीर, असे दोन्ही मार्ग मोकळे झाले होते.

तरीही भीती गेली नाही. तिने फक्त रूप बदलले. अकाली बाळांच्या आतड्याचा भाग सुजून कुजण्याचा एक भयंकर विकार आहे. त्याचे नाव ‘नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस’, डॉक्टरांच्या बोलीत ‘एनईसी’. सुधारत आलेले बाळ एका रात्रीत हातचे जाते. ज्या डॉक्टरने असे एक बाळ गमावले आहे, तो पुढच्या दहा बाळांना दूध सुरू करताना कचरतो. दुधाने तोंड पोळले, की ताकही फुंकून प्यावे, त्यातलाच हा प्रकार. मग श्वासाचे यंत्र लागलेल्या बाळाला पाच-सहा दिवस दूध नको, सुरू केले तरी थेंबाथेंबाने वाढवायचे, पोट जरा फुगले की बंद, असे अलिखित नियम तयार झाले. कोणते दूध, हा मूळ प्रश्न त्यात बाजूला पडला. ब्रिटनमधील ल्युकस आणि कोल यांनी १९९० मध्येच ९२६ बालकांच्या नोंदींवरून दाखवले होते, की फक्त डब्याच्या दुधावर ठेवलेल्या बाळांत हा विकार फक्त मानवी दूध मिळालेल्या बाळांच्या सहा ते दहा पट अधिक आढळतो.

या अलिखित नियमांची तपासणी व्हायला २०१० चे दशक उजाडावे लागले. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ४०४ बालकांवर झालेल्या ‘ॲडेप्ट’ या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. ही साधी अकाली बाळे नव्हती. गर्भातच रक्तपुरवठा कमी पडल्याने खुंटलेली, म्हणजे एनईसीचा धोका सर्वाधिक मानली जाणारी बाळे होती. निम्म्यांना दुसऱ्या दिवशी दूध सुरू केले, निम्म्यांना सहाव्या दिवशी. लवकर सुरू केलेली बाळे १८ दिवसांत पूर्ण दुधावर आली, उशिराची २१ दिवसांत. आतड्याच्या विकारात लक्षणीय फरक पडला नाही. त्यानंतर ‘सिफ्ट’ या सुमारे २८०० बालकांच्या चाचणीत दूध रोज किलोमागे १८ मिलिलिटरने वाढवावे की ३० ने, हे तपासले गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : दोन वर्षांच्या वयापर्यंत अपंगत्वाविना जगण्यात फरक नाही. म्हणजे वेगाने वाढवल्याने चमत्कार घडत नाही, पण ज्या अनर्थाच्या भीतीने हात आखडता घेतला जात होता, तोही घडत नाही. हिशेब करून पाहिला, तर १८ च्या चालीने पूर्ण दुधावर यायला आठ-नऊ दिवस लागतात, ३० च्या चालीने पाच. मधले तीन-चार दिवस शिरेतली सुई कमी. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी त्याच वर्षी आणखी एक पाऊल पुढे टाकले. एक ते दीड किलोच्या, प्रकृती स्थिर असलेल्या १८० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या दिवसापासून सगळे पोषण दुधातूनच दिले. ती साडेसहा दिवसांत पूर्ण दुधावर आली. नेहमीच्या पद्धतीच्या बाळांना दहा दिवस लागले. ‘स्थिर’ हा शब्द मात्र येथे विसरता कामा नये. रक्तदाब कोसळलेल्या, शॉकमध्ये गेलेल्या बाळाच्या पोटात दूध ढकलावे, असे कोणीही म्हणत नाही.

शिरेतून द्यायच्या पोषणाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि येथे ‘लवकर’ आणि ‘भरपूर’ या दोन शब्दांची गल्लत होते. अकाली बाळांना प्रथिनांचे द्रावण पहिल्याच दिवशी सुरू करावे, असे युरोपीय तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. परंतु त्याआधी दोन वर्षे, २०१६ मध्ये, बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडा येथील १४४० अत्यवस्थ मुलांवरील चाचणीने वैद्यकविश्वाला धक्का दिला होता. ज्यांचे शिरेतले पोषण आठवडाभर लांबवले, त्या मुलांत नवे जंतुसंसर्ग १०.७ टक्के, ज्यांना चोवीस तासांत सुरू केले त्यांच्यात १८.५ टक्के. मग अकाली बाळांनाही थांबवावे काय? या चाचणीत अकाली बाळे नव्हतीच. पूर्ण दिवसांचे बाळ आणि एक किलोचे बाळ यांच्या शिदोरीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावणे धाडसाचे ठरेल. दुसरीकडे, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील ४३४ अतिलघुवजनी बालकांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिले पाच दिवस नेहमीच्या वर रोज एक ग्रॅम जादा प्रथिने देऊन पाहिली. दोन वर्षांनी फायदा दिसला नाही. उलट मध्यम ते तीव्र अपंगत्वाचे प्रमाण त्या गटात अधिक आढळले. या दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या, तर हाती येते ते एवढेच : वेळेवर सुरुवात हवी, पण पहिल्याच आठवड्यात ताट वाढून ओतण्याचा अट्टहास नको.

एवढे पुरावे हाती असताना सर्वाधिक गरज असलेल्या बाळालाच सर्वांत उशिरा का मिळते? अमेरिकेतील १३६६ अतिलघुवजनी बालकांच्या नोंदींचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या प्रश्नाच्या मुळाशी जातो. जे बाळ डॉक्टरांना कमी आजारी वाटले, त्याला पहिल्या तीन आठवड्यांत अधिक पोषण मिळाले. जे जास्त आजारी वाटले, त्याला कमी. पुढे श्वसनाचे दीर्घकालीन विकार, जंतुसंसर्ग, मृत्यू आणि मेंदूच्या विकासातील अडथळे या साऱ्यांत आजाराच्या तीव्रतेबरोबरच या पोषणातल्या तफावतीचाही वाटा असल्याचे संशोधकांना आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. त्यावरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. पण त्याने एका गृहीतकाला सुरुंग लावला. आजारी बाळाची अवस्था पुढे वाईट झाली, की आपण ती आजारावर ढकलतो. त्यात उपासाचा वाटा किती, हे कोणी मोजत नाही.

कक्षात प्रत्यक्ष काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. सीपॅपच्या दाबाची हवा थोडी पोटातही जाते आणि पोट फुगते. याला वैद्यकीय साहित्यात ‘सीपॅपचे पोट’ असे नावच आहे आणि बहुतांशी ते निरुपद्रवी असते. पण रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला फुगलेले पोट दिसले, की एनईसीची शंका येते आणि दूध बंद होते. सकाळच्या फेरीत ते सुरू होते, रात्री पुन्हा बंद. दर वेळी दूध देण्यापूर्वी नळीने जठरातले दूध ओढून किती शिल्लक आहे हे पाहण्याची प्रथाही अशीच. त्यात थोडे हिरवट किंवा न पचलेले आले, की पुढचा घास चुकतो. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही तपासणी सरसकट न केलेली बाळे लवकर अधिक दूध घेऊ लागली आणि लवकर घरी गेली. फुगलेल्या, ताणलेल्या, दुखऱ्या पोटाकडे दुर्लक्ष करा, असा याचा अर्थ नव्हे. बाळ तपासून निर्णय घ्या, नुसत्या आकड्यावरून नको, एवढाच आहे.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे. जिल्हा रुग्णालयांत केंद्राच्या योजनेतून उभे राहिलेले विशेष नवजात काळजी कक्ष, ‘एसएनसीयू’, हे गोरगरिबांच्या अकाली बाळांचे मुख्य आश्रयस्थान. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत या कक्षांची व्याख्याच कृत्रिम श्वसनयंत्र आणि मोठ्या शस्त्रक्रिया वगळून अन्य सर्व उपचार, अशी होती. सीपॅप नंतर पोहोचले. शिरेतून द्यायचे संपूर्ण पोषण मात्र निर्जंतुक खोलीत, बाळागणिक हिशेब करून तयार करावे लागते. ती सोय तेथे सहसा नसते. शिवाय आपल्या कक्षांतील जंतूंचा प्रश्न पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी बिकट आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत दाखल १३,५३० नवजात बालकांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १४ टक्क्यांत जंतुसंसर्ग आढळला आणि त्यातले बरेच जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. शिरेतली प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना उघडलेले दार. अशा ठिकाणी ‘दूध थांबवा, सलाईन चालू ठेवा’ हा सुरक्षित पर्याय वाटतो खरा. पण शिरेतून पोषण नाही, पोटातून दूध नाही आणि संसर्गाचा धोका मात्र आहे, असा तो दुष्काळात तेरावा महिना ठरतो. लंडनच्या रुग्णालयाला उशीर परवडू शकेल, तेथे शिरेतली शिदोरी आहे. आपल्या तालुक्या-जिल्ह्याला तो परवडणारा नाही.

मग उरते आईचे दूध. एक किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी लागते तरी किती? दर दोन तासांनी दोन मिलिलिटर, म्हणजे अर्धा चहाचा चमचादेखील नाही. एवढेसे दूध वेळेवर का मिळू नये? कारण आई तेथे नसते. गावातल्या लहान प्रसूतिगृहात सिझेरियन होते, बाळाला श्वास लागतो आणि रुग्णवाहिकेतून त्याला शहरातल्या अतिदक्षता विभागात हलवले जाते. सोबत जातात वडील किंवा आजी. टाके घातलेली आई मागे राहते. बाळ जवळ नाही, स्तनांना कोणी ओढत नाही, चिंता वेगळीच. अशा स्थितीत दूध यायला दिवस लागतात किंवा ते आटतेही. पहिल्या काही तासांत हाताने दूध काढायला सुरुवात केली आणि दिवसाकाठी आठ-दहा वेळा ते चालू ठेवले, तर पान्हा टिकतो, हे जाणकार परिचारिका जाणतात. पण हे त्या प्रसूतिगृहात आईला सांगायचे कोणी? बाळ त्यांचे रुग्ण राहिलेले नसते आणि आई दुसऱ्या रुग्णालयाची रुग्ण झालेली नसते. पहिल्या दोन दिवसांत येणारे घट्ट, पिवळसर चीकदूध, जे संसर्गापासून सर्वाधिक संरक्षण देते, ते बऱ्याचदा असेच वाया जाते. बाळाला हलवणाऱ्या रुग्णवाहिकेत प्राणवायूचा सिलिंडर आहे की नाही, हे आपण पाहतो. आईच्या काढलेल्या दुधाची निर्जंतुक वाटी बर्फाच्या डब्यातून मागोमाग जाईल, याची व्यवस्था सहसा कोणाच्याच यादीत नसते.

आई शेजारी असण्याचा परिणाम किती, याचे उत्तर २०२१ मध्ये मिळाले. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील ३२११ बालकांवर जागतिक आरोग्य संघटनेने चाचणी केली. भारतातील केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक ते एक किलो आठशे ग्रॅमची बाळे ‘स्थिर’ होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवली. त्यासाठी अतिदक्षता कक्षातच आयांच्या खाटा घातल्या. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये संघटनेने नव्या शिफारशी जाहीर केल्या. अकाली आणि कमी वजनाच्या बाळांना पहिल्या दिवसापासून, शक्य तितक्या लवकर दूध द्यावे. चोखता येत नसेल तर आईचे काढलेले दूध. ते नसेल तर दात्या मातेचे. आणि दुधाची वाढ रोज किलोमागे ३० मिलिलिटरपर्यंत करता येते, असे त्यात म्हटले आहे.

दात्या मातेचे दूध हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झाली. बाळंतिणींनी दिलेले जादा दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून, गोठवून ठेवायचे आणि ज्यांच्या आईला दूध नाही त्या बाळांना द्यायचे, इतकी ही साधी व्यवस्था. महापालिकेच्या रुग्णालयाने, महापालिकेच्या अंदाजपत्रकात ती चालवून दाखवली. केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत अशी दुग्धव्यवस्थापन केंद्रे उभारण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २०१७ मध्ये, म्हणजे शीवनंतर २८ वर्षांनी. दरम्यान या दुधाचा बाजार मांडण्याचे प्रयत्नही झाले. अखेर मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाला मानवी दुधाच्या व्यापारी विक्रीस परवानगी नाही, असे बजावावे लागले.

तथापि, पेढी हा दुसरा पर्याय आहे, पहिला आईच. पहिल्या पर्यायासाठी लागते ती आईला बाळाजवळ राहण्याची जागा, दोन वेळचे जेवण आणि दूध काढायला आडोसा. यंत्रसामग्रीच्या खरेदीत या गोष्टी बसत नाहीत, म्हणून त्या अंदाजपत्रकात शेवटी येतात. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या मूळ तरतुदी पाहा. आजारी नवजात बालकाला मोफत उपचार ३० दिवस, ही मुदत पुढे वर्षभरापर्यंत वाढवली गेली. आईला मोफत आहार मात्र साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस. एक किलोच्या बाळाचा कक्षातला मुक्काम कित्येक आठवड्यांचा असतो. आठव्या दिवसापासून त्या आईने कोठे झोपायचे आणि काय खायचे, हे या तरतुदींत नाही. दर दोन तासांनी तिचे दूध लागणार, हे मात्र त्याच बाळाच्या केसपेपरवर लिहिलेले असते.